उशीखालची पाटी



मागच्या सत्रात आमच्या शाळेत पालकांची सभा होती. सभा आटोपली, मंडळी आपापल्या घरी गेली, पण एक वयस्क गृहस्थ बाकावरच बसून राहिले. त्यांचा सारा जन्म उसाच्या मळ्यात गेलेला. नातीची मराठीची वही हातात धरून ते एकेक पान उलटीत होते. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "काका, काही विचारायचे आहे का?"

"गुरुजी, पोरीचे अक्षर चांगले आहे ना?" ते म्हणाले. "मला आपले सुबक दिसते. पण काय लिहिले आहे ते काही वाचता येत नाही."

"मग शनिवारी मोठ्या माणसांसाठी वर्ग असतो, त्याला येत जा."

काका हसले. "नको गुरुजी. ह्या वयात पाटी घेऊन बसलो तर लोक काय म्हणतील?"

असे बोलणे मी पुष्कळदा ऐकले आहे. आपल्या बेटावर चाळिशी-पन्नाशीची कितीतरी माणसे अशी आहेत की, ज्यांना मराठी थोडीफार कळते, भजने पाठ आहेत, पण बाळबोध अक्षर वाचता येत नाही. त्यांना त्याची लाज वाटते, आणि त्या लाजेपायी ती मराठी पुस्तकाला हातच लावीत नाहीत. म्हणून आज एका अशा माणसाची हकीकत सांगतो की, जो उतारवयात पाटी उशीखाली ठेवून झोपत असे. त्याला हसण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, कारण तो अर्ध्या युरोपचा सम्राट होता.

आखनचा राजा

जर्मनीच्या अगदी पश्चिम कडेला, बेल्जियम आणि नेदरलँड्स ह्या दोन देशांच्या सीमांना लागून आखन नावाचे शहर आहे. आपण शाळेत फ्रेंच पुस्तकांतून शिकलो, म्हणून आपल्याला त्याचे फ्रेंच नाव अधिक परिचयाचे: एक्स-ला-शापेल. दोन्ही नावांच्या मुळाशी पाणी आहे. तेथे जमिनीतून गरम पाण्याचे झरे निघतात. बुर्टशाइड ह्या भागात तर ते पाणी ७० अंशांहूनही अधिक तापलेले असते. आपल्या पूर्वजांच्या रत्नागिरी जिल्ह्यातील तुरळ किंवा उन्हवरे येथील उन्हाळे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हा प्रकार नवा नाही. रोमन लोकांनी त्या झऱ्यांवर स्नानगृहे बांधली, आणि पुढे कित्येक शतकांनी एक राजा त्याच पाण्याच्या ओढीने तेथे राहावयास आला.

त्या राजाचे नाव फ्रेंच लोक शार्लमाञ असे घेतात, जर्मन लोक कार्ल म्हणतात, आणि इंग्रजी इतिहासात तो शार्लमेन म्हणून येतो. तो ७६८ साली फ्रँक लोकांचा राजा झाला आणि ८०० सालच्या नाताळात रोममध्ये त्याला सम्राटपदाचा मुकुट मिळाला. आजचा फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, जर्मनीचा मोठा भाग आणि उत्तर इटली एवढा मुलूख त्याच्या ताब्यात होता. आयुष्याची शेवटची वीसएक वर्षे तो बहुतेक हिवाळे आखनलाच काढी. तेथे त्याने राजवाडा आणि अष्टकोनी प्रार्थनामंदिर बांधविले. राजवाड्याच्या जागेवर आज नगरभवन आहे, पण ते अष्टकोनी मंदिर अजून उभे आहे. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली, तिच्या पहिल्या बारा स्थळांत ते होते.

राजे पुष्कळ होऊन गेले. पण ह्या राजाची दिनचर्या, त्याचे खाणेपिणे, वाचन आणि अभ्यास हे सारे आपल्याला बारीकसारीक तपशिलासह माहीत आहे. त्याचे श्रेय एका ठेंगण्या, हुशार दरबारी माणसाला जाते. त्याचे नाव आइनहार्ड. कार्लच्या सहवासात त्याने अनेक वर्षे काढली आणि त्याच्या मृत्यूनंतर लॅटिन भाषेत त्याचे चरित्र लिहिले. जुन्या रोमन सम्राटांची चरित्रे त्याने समोर ठेवली होती, आणि धन्यावर त्याचे प्रेमही होते, तेव्हा स्तुतीचा भाग थोडा वजा करावा लागतो. तरीसुद्धा त्याने धन्याची एक उणीव लपविली नाही, आणि आपल्या कामाची गोष्ट तीच आहे.

सम्राटाचा दिवस

कार्लचा दिवस पहाटेच्या आधीच सुरू होई. रात्रीतून चारपाच वेळा त्याची झोप मोडे आणि तो नुसता जागा होत नसे, तर अंथरुणातून उठे. सकाळी कपडे आणि पादत्राणे चढवितानाच तो स्नेह्यांना आत बोलावी. एखादा तंटा निकालासाठी आला असेल तर वादी-प्रतिवादींना तेथेच उभे करून निवाडा देई. अंगात तागाचा सदरा आणि विजार, हिवाळ्यात पाणमांजराच्या कातड्याचे जाकीट, असा त्याचा वेष आपल्या लोकांचाच होता. परदेशी थाटाचे कपडे त्याने रोममध्ये दोनदाच घातले, आणि तेही पोपने विनंती केली म्हणून.

गरम पाण्यात पोहणे हा त्याचा मोठा शौक. मुले, सरदार, मित्र, कधी पहारेकरीसुद्धा तो बरोबर घेई, आणि एकेका वेळी शंभराहून अधिक माणसे त्या पाण्यात उतरत. दारू तो बेताची पिई आणि पिऊन झिंगलेला माणूस त्याला मुळीच खपत नसे. भाजलेले मांस मात्र त्याला फार प्रिय. म्हातारपणी वैद्य म्हणू लागले की आता उकडलेले खा, तेव्हा त्याला त्या वैद्यांचाच राग येऊ लागला. आपल्या घरी मधुमेह झालेल्या आजोबांना गोड खाऊ नका म्हणून सांगून पाहा, म्हणजे सम्राट आणि आजोबा ह्यांत फारसा फरक नसतो हे कळेल.

पण आइनहार्डने सांगितलेली खरी महत्त्वाची गोष्ट जेवणाच्या वेळची आहे. कार्ल जेवायला बसला की एक तर गाणेबजावणे चाले, नाहीतर कोणीतरी पुस्तक वाचून दाखवी. जुन्या लोकांच्या पराक्रमाच्या कथा वाचल्या जात. संत ऑगस्टीनचे ग्रंथ वाचले जात, आणि त्यांतही 'ईश्वराचे नगर' हा ग्रंथ राजाच्या विशेष आवडीचा. ४१० साली रोम लुटले गेले, त्यानंतर उत्तर आफ्रिकेतील ह्या धर्मगुरूने तो बावीस खंडांचा ग्रंथ लिहिला. राज्ये का उभी राहतात आणि का पडतात, असा त्यातला मोठा प्रश्न आहे. जेवणारा माणूस स्वतः राज्य चालवीत होता, म्हणजे हे वाचन निव्वळ करमणुकीचे नव्हते, हे उघड आहे.

मुलगे घरी असतील तेव्हा त्यांना सोडून तो कधी जेवत नसे, असेही आइनहार्ड सांगतो. मुलगे आणि मुली दोघांनाही त्याने प्रथम विद्या शिकविली आणि मग इतर गोष्टी. म्हणजे बापाच्या पानाशेजारी बसून ती मुले ऐकत होती. शाळेची घंटा वाजण्याआधी मुलाच्या कानावर पुस्तक पडले पाहिजे, हे आम्ही शिक्षक प्रशिक्षणात शिकतो. त्या राजाच्या घरी हे बाराशे वर्षांपूर्वी रोज घडत होते.

आठवड्याचे वाचन

रोजच्या वाचनाखेरीज आठवड्याचेही एक वाचन होते. त्या काळच्या मठांत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे १५० स्तोत्रांचा पाठ दर आठवड्याला पुरा करीत. रविवारी आणि सणासुदीला धर्मग्रंथांवरील निरूपणे वाचीत. कार्ल सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला जाई आणि वाचन कसे चालले आहे इकडे त्याचा कान असे. वाचणारा चुकला, शब्द तोडून बोलला, तर त्याला ते खपत नसे. वाचावे कसे आणि गावे कसे ह्याची शिस्त त्याने स्वतः लावून दिली. पण स्वतः तो कधी लोकांसमोर वाचत नसे, आणि गाताना सर्वांबरोबर हलक्या आवाजातच गाई.

निरूपणांच्या जुन्या प्रतींत चुका फार साचल्या होत्या. एकाने नकलताना केलेली चूक दुसरा उतरवून घेई आणि वर आपली घाली. म्हणून कार्लने पॉल नावाच्या इटलीच्या विद्वानाला कामाला लावले. त्याने वर्षभरातील रविवार आणि सण धरून वाचावयाचे उतारे निवडले, शुद्ध केले आणि त्यांचे दोन खंड तयार करून दिले. चातुर्मासात रोज कोणता अध्याय वाचावयाचा हे जसे आपल्याकडे ठरलेले असते, तशीच ही व्यवस्था होती. वाचनाला वार ठरलेला असला म्हणजे ते टिकते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

जिज्ञासाही मोठी. व्याकरण तो पीसा गावच्या पीटर नावाच्या म्हाताऱ्या शिक्षकाकडे शिकला. बाकीच्या विद्यांसाठी त्याने यॉर्कहून ॲल्क्विन ह्या इंग्रज पंडिताला बोलावून घेतले आणि त्याच्यापाशी बसून वक्तृत्व, तर्क आणि ग्रहताऱ्यांचे गणित शिकला. दरबारातील ह्या अभ्यासमंडळात सर्वांना टोपणनावे होती. राजा 'डेव्हिड', ॲल्क्विन 'फ्लॅकस', आणि एक जण तर 'होमर'! लांडगा, शेळी आणि कोबी नदीपार कशी न्यावीत, हे कोडे आपण मुलांना घालतो ना? ते ज्या जुन्या लॅटिन संग्रहात आढळते, तो ह्याच ॲल्क्विनच्या नावावर आहे. ८१० साली दोन सूर्यग्रहणे झाल्याची वार्ता कार्लच्या कानी आली, तेव्हा हे कसे घडते म्हणून त्याने विचारणा केली, आणि डुंगल नावाच्या आयरिश विद्वानाने ८११ साली त्याला पत्राने उत्तर पाठविले. तेव्हा राजाचे वय साठीच्या पुढे होते.

उशीखाली काय होते

लॅटिन तो मातृभाषेसारखी बोले. ग्रीक बोलता येत नसे, पण कळत असे. बहुधा त्याला वाचताही येत होते. एवढा सगळा अभ्यास असूनही एक गोष्ट मात्र त्याला साधली नव्हती. त्याला लिहिता येत नव्हते.

आज आपल्याला ह्याचे नवल वाटते, कारण आपण मुलांना वाचणे आणि लिहिणे एकदमच शिकवितो. त्या काळी ती दोन वेगळी कामे होती. लिहिणे हा कातड्यावर टाकाने करावयाचा, हाताला वळण लागणारा व्यवसाय होता आणि तो लेखनिकांचा. राजे लोक तोंडाने सांगत आणि लेखनिक उतरवून घेत. राजाज्ञेखाली कार्लची जी मुद्रा दिसते, तिच्यात त्याच्या नावाची अक्षरे फुलीच्या आकारात मांडलेली असतात. ती मांडणी लेखनिक करून ठेवी आणि राजा मधोमध एक लहानशी रेघ ओढी. तीच त्याची सही.

वाचकहो, ही रेघ ओळखीची वाटते ना? १८३४ नंतर गिरमिटावर जी माणसे ह्या बेटावर आली, त्यांच्यापैकी पुष्कळांनी करारावर सहीऐवजी खूणच केली. मुंबई बंदरात जहाजावर चढलेले आपले पणजोबा-खापरपणजोबाही त्यांत होते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ते जुने स्थलांतराचे दप्तर जपून ठेवले आहे. सम्राटाची रेघ काय किंवा मजुराची फुली काय, दोघांनाही दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर विश्वास टाकावा लागला. फरक एवढाच की, सम्राटाला फसविण्याची कोणाची हिंमत नव्हती.

आणि तरीही कार्लला ती रेघ पुरेशी वाटली नाही. आइनहार्ड सांगतो की, उतारवयात त्याने लिहावयास शिकण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी पाट्या आणि लहान वह्या तो अंथरुणात उशीखाली ठेवी, आणि सवड मिळाली की अक्षरे गिरवी. ती पाटी आपल्या दगडी पाटीसारखी नसे. लाकडी फळीवर मेणाचा थर दिलेला असे. टोकदार सळईने मेणावर अक्षर कोरावयाचे आणि सळईच्या चपट्या टोकाने पुसून टाकावयाचे. मिणमिणत्या दिव्यापाशी बसून पांढऱ्या मिशांचा तो धिप्पाड माणूस मेणावर अक्षरे गिरवीत आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणा.

त्याला यश आले का? फारसे आले नाही. आरंभच उशिरा झाला, असे आइनहार्ड स्पष्ट लिहितो. काही विद्वान म्हणतात की साधे लिहिणे त्याला जमत असावे, आणि तो गिरवीत होता ते ग्रंथांतले वळणदार अक्षर असावे. काही असो. हात वळला नाही हे खरे. पण त्याने पाटी घेतली हेही तितकेच खरे. बाराशे वर्षांनी आपण आठवण काढतो आहोत ती त्या पाटीची.

न वळलेल्या हाताची देणगी

ज्याला स्वतःला लिहिता आले नाही, त्याच्या काळात युरोपच्या अक्षराला नवे वळण लागले, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. त्याआधी प्रत्येक प्रांताची लिहिण्याची तऱ्हा निराळी होती. अक्षरे एकमेकांत गुंतलेली, शब्दांमध्ये जागा नाही, एका गावचे लिहिलेले दुसऱ्या गावी वाचता येत नाही. मोडी कागद पाहिलेल्यांना ह्याची कल्पना येईल. कॉर्बीसारख्या मठांतील लेखनिकांनी एक गोल, सुटे आणि स्वच्छ अक्षर घडविले, आणि कार्लच्या राज्यात ते सर्वत्र पसरले. म्हणजे मोडीच्या जागी बाळबोध आले म्हणा ना! पुढे पंधराव्या शतकात इटलीतील मुद्रकांनी त्याच वळणाचा कित्ता घेऊन खिळे पाडले. आज आपली मुले फ्रेंच, इंग्रजी आणि क्रेओल ज्या लहान अक्षरांत लिहितात, त्यांचा वंश तेथपर्यंत जातो.

७८९ साली त्याने जे मोठे फर्मान काढले, त्यात मठांनी आणि धर्मपीठांनी मुलांसाठी शाळा चालवाव्यात, वाचन, गायन, गणित आणि व्याकरण शिकवावे, पुस्तके नीट तपासून दुरुस्त करावीत, असे कलम आहे. शाळेचा शोध शार्लमाञने लावला असे फ्रेंच मुले गमतीने म्हणतात. ते खरे नाही, शाळा आधीही होत्या. पण शाळा चालविणे हे राज्याचे काम आहे असे त्याने मानले, हे खरे.

त्याच सुमाराचे त्याचे आणखी एक पत्र आहे. मठांतून येणाऱ्या पत्रांतील भाव चांगला असतो, पण भाषा ओबडधोबड असते, तेव्हा अभ्यास करा, असे त्यात त्याने कळविले आहे. चूक दाखविली, पण मनातल्या भावाचे कौतुक आधी केले. आम्हा शिक्षकांनी लाल शाई उचलण्यापूर्वी हे पत्र आठवावे.

एवढे वाचून कोणी त्याला साधुपुरुष समजू नये. सॅक्सन लोकांशी त्याने तीस वर्षे क्रूर युद्धे केली. ७८२ साली व्हेर्डेन येथे एका दिवसात ४,५०० कैद्यांची मुंडकी उडविल्याची नोंद त्याच्याच राजवृत्तांतात आहे. पुस्तक ऐकणारा माणूस आपोआप दयाळू होतो, असे नाही. वाचनाने दृष्टी मिळते, तिचा उपयोग कसा करावयाचा हे ज्याचे त्याने ठरवावे लागते.

हरवलेली गाणी

आता ह्या हकीकतीतला तो भाग सांगतो, जो वाचताना मला आपल्या बेटाची फार आठवण झाली.

दरबाराची आणि विद्येची भाषा लॅटिन होती, पण कार्लची मातृभाषा होती फ्रँक लोकांची बोली. तिला व्याकरण नव्हते, तिच्यात पुस्तके जवळजवळ नव्हती, विद्वान तिला रांगडी समजत. लॅटिन उत्तम येत असूनही ह्या राजाने आपल्या बोलीचे व्याकरण लिहावयास घेतले. महिन्यांना त्याने बोलीतली नावे दिली. जून म्हणजे नांगरटीचा महिना, जुलै म्हणजे वाळल्या गवताचा, ऑगस्ट सुगीचा, सप्टेंबर लाकडे तोडण्याचा, ऑक्टोबर द्राक्षांचा. शेतकऱ्याच्या घरी जे चाललेले असते तेच महिन्याचे नाव. आपला श्रावण ह्या बेटावर हिवाळ्यात येतो, ऐन ऊसतोडीच्या दिवसांत. तरी आपण त्याला श्रावणच म्हणतो, कारण ते नाव आपण बरोबर आणलेले आहे.

आणि त्याने तिसरी एक गोष्ट केली. जुन्या राजांच्या पराक्रमाची जी गाणी लोक तोंडाने गात होते, ती त्याने लिहवून घेतली. गाणारी माणसे गेली म्हणजे गाणी जातील, हे त्याने ओळखले होते.

तो संग्रह आज कोठे आहे? कोठेच नाही. ते व्याकरणही हाती आलेले नाही. आपल्या मृत्युपत्रात, ८११ साली, त्याने आपल्या मोठ्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहवून ठेवले की, ज्यांना हवी असतील त्यांनी योग्य किंमत देऊन पुस्तके घ्यावीत आणि पैसा गरिबांना वाटावा. दान थोर होते ह्यात शंका नाही. पण एका मोठ्या जनावराच्या कळपाएवढी कातडी जेथे एकेका जाड ग्रंथाला लागत, तेथे दुसरी प्रत सहजासहजी होत नसे. २८ जानेवारी ८१४ रोजी आखनलाच तो वारला आणि त्याची पुस्तके पांगली. सम्राटाने लिहवून घेतलेली गाणी जर हरवतात, तर आपल्या आजीची न लिहिलेली गाणी किती दिवस टिकतील?

मृत्यूच्या आदल्या वर्षी, ८१३ साली, तूर येथे धर्मगुरूंची सभा भरली होती. तिने ठरविले की, प्रवचने सर्वांना समजतील अशा गावठी रोमन बोलीत किंवा जर्मन बोलीत सांगावीत. ती गावठी रोमन बोली म्हणजे फ्रेंचची आई, आणि फ्रेंचमधूनच आपल्या बेटाची क्रेओल निघाली. ज्या बोलीला त्या काळी कोणी भाषा म्हणत नव्हते, तिची लेक आणि नात आज आपल्या घरात बोलतात. तेव्हा कोणतीही बोली हलकी म्हणून टाकू नये. क्रेओल घरात आली म्हणून मराठी बाहेर गेलीच पाहिजे, असेही नाही. कार्लच्या घरात दोन भाषा नांदत होत्याच.

ऐकणारा तो वाचणाराच

मराठीत पुष्कळ ज्ञान असलेल्या माणसाला आपण 'बहुश्रुत' म्हणतो. शब्दाकडे नीट पाहा. ज्याने पुष्कळ ऐकले तो बहुश्रुत. नवविधा भक्तीतही पहिली पायरी श्रवणाची आहे. आपल्या पूर्वजांनी कानाला डोळ्याहून कमी लेखले नाही.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण पोथी वाचताना कोणाची ओवी चुकली, एखादी ओळ गळली, तर ती लगेच हात वर करी. वाचणाऱ्याला मागे जावे लागे. आखनच्या मंदिरात वाचणाऱ्याची चूक पकडणारा तो राजा आणि आमच्या ओसरीवर बसलेली ती आजी, दोघे एकाच वर्गातले विद्यार्थी. एका घरात एकाला वाचता येत होते आणि दहा जण ऐकत होते, एवढ्या भांडवलावर आपली मराठी ह्या बेटावर पावणेदोनशे वर्षांहून अधिक टिकली.

आता संकट असे आहे की, वाचणारी आहेत नाती-नातू, कारण ती शाळेत मराठी शिकतात. आणि अर्थ ठाऊक असणारे आहेत आजी-आजोबा, पण त्यांना अक्षर येत नाही. आणि दोघे एका ठिकाणी बसत नाहीत. मुलाचे पुस्तक दप्तरात राहते, आजीचा शब्द तिच्या मनात राहतो. ह्या दोघांना आठवड्यातून एकदा एकत्र बसविले तर काम होण्यासारखे आहे.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवा. दूरदर्शन आणि मोबाईल बाजूला ठेवा. जेवणाच्या वेळी मुलाने मराठीचे एक पान मोठ्याने वाचावे. हेच पान वाचले तरी चालेल. मोठ्यांनी ऐकावे, अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगावा, चुकले तर हात वर करावा. जेवण झाल्यावर आजीने एखादे झाकरीचे, हळदीचे किंवा पाळण्याचे गाणे सांगावे आणि मुलाने ते वहीत उतरवून घ्यावे. वर आजीचे नाव, गाव आणि साल लिहावे. आणि त्या वहीच्या दोन प्रती कराव्यात, एक आपल्या घरी, दुसरी बहिणीच्या किंवा भावाच्या घरी. आखनची चूक आपण करावयास नको.

आणि ज्यांना अक्षर शिकावेसे वाटते पण वय आड येते, त्यांनी उशीखाली एक पाटी ठेवावी. कोणाला दाखवू नये. रात्री झोप मोडली की एक अक्षर गिरवावे. हात वळला तर आनंदच आहे. नाही वळला तरी नातीच्या वहीत आपण काय पाहतो आहोत ते कळू लागेल.

ही सारी हकीकत मी त्या काकांना सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, त्या राजाला शिकवायला कोण होते?" मी म्हणालो, "मोठमोठे पंडित होते." त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मला ही आहे."

पुढच्या शनिवारी काका वर्गाला आले नाहीत. पण सोमवारी नातीने हळूच वही पुढे केली. शेवटच्या पानावर, तिच्या सुबक अक्षराखाली, वाकडातिकडा, रेघ सोडून गेलेला एक 'अ' होता. मी त्याच्यावर लाल शाई वापरली नाही.

एवढे सांगून लेखणी आवरती घेतो.